पवईच्या गाळातलं, लॉनमधलं आणि वसईच्या बांधावरचं: तीन लोकरी रोपं, नाव एकच की तीन?

पाऊलवाट | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटापासून मी तीन ठिकाणी एकाच धाटणीची रोपं पाहतेय. इंग्रजीत ज्यांना सरसकट कडवीड म्हणतात त्यांतली ती आहेत, इथवर माझी खात्री आहे. सूर्यफुलाच्या कुळातली, अंगभर पांढुरकी लोकर, आणि पाकळ्या नसलेली बारीक बारीक फुलं. फोनवरच्या ॲपनं तिन्हींना एकच नाव दिलं, लुटिओअल्बम. माझं मन ते घेत नाही.

अ) पवई तलाव. पाणी मागं सरून जो गाळ उघडा पडलाय आणि वरून भेगाळलाय, तिथं. रोप जमिनीसरसं. एका मुळापासून आठ-दहा फांद्या बाजूंना पसरून टोकाशी वर उठलेल्या. फुलांचे झुबके फांदीच्या टोकाला आणि खाली पानांच्या बगलेतही.

ब) आमच्या सोसायटीचं लॉन, कांजूरमार्ग. पंपरूमच्या बाजूला जिथं जमीन कायम ओली असते तिथं. हेही बुटकं, फांद्या चार-पाच. पानं टोकाकडे रुंद होत गेलेली, चमच्यासारखी. फुलं तपकिरी, फांदीला लगडून आलेली.

क) वसई. भात निघालेल्या खाचराचा बांध. हे सरळ उभं, जवळजवळ फूटभर. शेंड्याला पिवळट फुलांचा एकच गच्च गेंद, त्याखाली फांदी मोकळी.

लोकर तिन्हींवर आहे. अ आणि ब शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येत नाही, आणि तरी ते एक वाटत नाहीत. कुठं बघायचं ते कुणी सांगेल का? मला नुसतं नाव नको, नाव कसं ठरलं ते हवंय.


कुर्ला_हार्बर | रविवार, रात्री १०:०५

हे तर आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीवर बारा महिने असतं! पांढरं, मऊ, फांद्यांवर कापसाचे बारीक गोळे. आई पूजेच्या फुलांत कधीतरी त्याची फांदी घालते. फोटो टाकलाय, बघा.


निमुर्डी | रविवार, रात्री ११:२०

@पाऊलवाट, वर्णन मन लावून लिहिलंयत, निम्मं काम झालंय. उद्या सविस्तर लिहिते. तोवर तिन्हींचं एवढं पाहून ठेवा: पान चोळून वास येतो का, पानाच्या कडेला दाते आहेत का, आणि फुलांच्या झुबक्यांच्या मधूनमधून पानं डोकावतात का.

@कुर्ला_हार्बर, तुमची ती कपूरमाधुरी, एर्वा लॅनाटा. राजगिऱ्याच्या कुळातली. लोकर आहे म्हणून या घरातली वाटते, पण नाही. तिचं एक फूल सुईनं सोडवून बघा, ते खरोखर एकटं फूल आहे. पाऊलवाट यांच्या रोपांत जे 'फूल' दिसतं ते डझनावारी फुलांचं एकत्र बांधलेलं पुडकं असतं. त्याला पुस्तकात स्तबक म्हणतात. झेंडूचं फूल असतं तसंच, फक्त इथं ते तीन-चार मिलिमीटरचं, ज्वारीच्या दाण्याएवढं.


कुर्ला_हार्बर | सोमवार, सकाळी ७:५०

अच्छा! ताई, इतकी वर्षं नजरेसमोर होती आणि आज नाव कळलं. आईला सांगितलं, ती म्हणाली कपूरमाधुरीच ती, तुला विचारायचं सुचलं नाही का कधी.


निमुर्डी | सोमवार, रात्री ९:१५

आता सविस्तर. मी बरीच वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर हिवाळ्यात कुणीतरी हाच प्रश्न घेऊन यायचं, तेव्हा क्रमानं सांगते. या धाग्यापुरतं आपण या गटाला 'लोकरी' म्हणूया.

सर्वांत आधी, समोरचं रोप लोकरी आहे का? मुंबईच्या आसपास, थंडी ते उन्हाळा या दिवसांत, ओल सुकत चाललेल्या जमिनीवर फसवणारी बरीच रोपं असतात. कपूरमाधुरी झाली. तलावाच्या सुकल्या गाळातच ग्लायनस लोटॉइडिस पसरलेली असते, राखाडी आणि केसाळ. तिची पानं गोलसर आणि पेरावर एकत्र गोळा झालेली. भिंगाखाली तिचे केस चांदणीसारखे फाटलेले दिसतात, लोकरीसारखे लांब धागे नसतात. तिथंच त्रिपक्षीही असते, पण तिची सुरकुतलेली, कडेला मुरड घातलेली पानं एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही. माचीपत्रीचं पिवळं बटण आणि कातरलेलं पान तर लांबूनच ओळखू येतं.

खरा घोटाळा होतो तो ब्लूमियाच्या भावंडांशी. निमुर्डी, भामुर्डी ही त्यातलीच (माझं टोपणनाव तिथूनच घेतलंय). तीही सूर्यफुलाच्या कुळातली, तीही केसाळ, तिलाही पाकळ्या नाहीत, आणि तीही याच दिवसांत फुलते. पण तिचं पान चोळलं की कापरासारखा किंवा टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो. पानाला दाते असतात. आणि स्तबकाखालच्या छोट्या पानांची, म्हणजे छदांची गोष्ट सर्वांत पक्की: ब्लूमियात छदं हिरवी, केसाळ, टोकदार असतात आणि फळ धरल्यावर मागं वळतात. लोकरीची छदं कोरडी, पातळ, पारदर्शक, कांद्याच्या सालीसारखी असतात. नखानं दाबली की बारीक कुरकुरतात. पानाची कडाही सलग असते, दाते नाहीत.

एवढं जुळलं तर पुढं.

दुसरा प्रश्न, फुलं कुठं आहेत? शेंड्याला गेंद आणि त्यात पानं मिसळलेली नाहीत, तर वाट एकीकडे जाते. फांदीवर खालपासून वरपर्यंत झुबके आणि प्रत्येक झुबक्याखाली एक पान, तर वाट दुसरीकडे. पाऊलवाट, तुमच्या वर्णनावरून क पहिल्या वाटेवर आहे, अ आणि ब दुसऱ्या. त्यामुळे ॲपनं दिलेलं लुटिओअल्बम हे नाव क ला लागू पडण्याची शक्यता आहे. बाकी दोघांना नाही.

अ आणि ब मध्ये मी अ ला नॅफॅलियम पॉलिकॉलॉन म्हणेन, कारण बुडातून निघालेल्या त्या आठ-दहा फांद्या. ग्रीकमध्ये पॉली म्हणजे पुष्कळ आणि कॉलॉस म्हणजे खोड. नावातच खूण आहे. ब ची चमच्यासारखी पानं गॅमोकीटा पेन्सिल्व्हॅनिकाकडे बोट दाखवतात.


ठाणे_गच्चीबाग | सोमवार, रात्री ९:५५

निमुर्डीताई, हे गॅमोकीटा म्हणजे नर्सरीच्या कुंड्यांतून येतं ते का? मी गेल्या पावसाळ्यानंतर दहा कुंड्या आणल्या, जास्वंद आणि कढीपत्ता. फेब्रुवारीत पाच कुंड्यांत मातीलगत चपटं राखाडी चक्र तयार झालं आणि मग त्यातून तपकिरी फुलांचा दांडा वर आला. घरात आधी हे तण कधी नव्हतं. उपटू का ठेवू?


निमुर्डी | सोमवार, रात्री १०:१०

वर्णन जुळतंय, पण दोन रोपं ठेवा, बी धरू द्या. पुढं लागणार आहेत. बाकीची फुलायच्या आत काढा, नाहीतर शेजाऱ्यांच्या गच्च्यांवरही जातील. मूळ दक्षिण अमेरिकेतलं हे तण कुंड्या, लॉन आणि रोपवाटिकांच्या मातीबरोबर जगभर फिरलंय.


जुनी_वही | मंगळवार, दुपारी २:३०

नावांबद्दल थोडं लिहितो. हा भाग किचकट वाटतो, पण जुनं पुस्तक उघडलं की नेमका इथंच माणूस अडतो.

लिनियसनं १७५३ मध्ये लुटिओअल्बमसारख्या रोपांना नॅफॅलियममध्ये घातलं. शब्द ग्रीक, अर्थ लोकरीचा झुबका. त्यानंतर जे जे लोकरी आणि पाकळ्या नसलेलं सापडलं ते तिथंच टाकलं गेलं. विसाव्या शतकात भिंगानं आणि सूक्ष्मदर्शकानं पाहणी झाली तेव्हा लक्षात आलं की लोकर ही खूण फार वरवरची आहे. मग घरं वेगळी झाली. कॅब्रेरानं १९६१ मध्ये पेन्सिल्व्हॅनिकमला गॅमोकीटात नेलं. हिलियार्ड आणि बर्ट यांनी १९८१ मध्ये लुटिओअल्बमला स्यूडोनॅफॅलियममध्ये ठेवलं, पुढं त्झ्वेलेव्हनं त्याला लॅफँजियम हे घर दिलं. रोमन लिपीत नॅफॅलियम आणि लॅफँजियम लिहून पाहा: अक्षरं तीच, एकही कमी-जास्त नाही, फक्त क्रम फिरवलेला. हेलिक्रायसम लुटिओअल्बम असंही कुठं कुठं वाचाल. चारही नावांचं रोप एकच.

पेन्सिल्व्हॅनिका हे नाव चकवणारं आहे, ऐकून उत्तर अमेरिकेतलं पेन्सिल्व्हेनिया आठवतं. विल्डेनोनं ते १८०९ मध्ये दिलं, पण वर ताईंनी सांगितलं तसं या रोपाचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे.

आणि सर्वांत जास्त घोळ 'इंडिकम'चा. भारतातल्या जुन्या पुस्तकांत आणि हर्बेरियमच्या (वाळवून जपलेल्या रोपांच्या संग्रहाच्या) जुन्या कागदांवर आपलं पॉलिकॉलॉन बहुतेक वेळा नॅफॅलियम इंडिकम म्हणून नोंदलेलं असतं. लिनियसनं ज्या रोपाला इंडिकम म्हटलं ते निघालं दक्षिण आफ्रिकेतलं, आता हेलिक्रायसममध्ये गेलेलं. आपल्या गाळातल्या रोपाला पर्सूननं १८०७ मध्ये दिलेलं पॉलिकॉलॉन हेच नाव बरोबर. हे मी इतकं लांबवून लिहितोय कारण कॉलेजात असताना मी दोन वर्षं माझ्या वहीत एकाच रोपाच्या दोन नोंदी ठेवल्या होत्या, एक इंडिकमची आणि एक पॉलिकॉलॉनची, आणि त्यांतला फरक शोधत बसलो होतो.


पाऊलवाट | बुधवार, सकाळी ६:५०

काल कामावरून लवकर निघून पवईला गेले, घरी येऊन लॉन पाहिलं. माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे. निरीक्षणं:

वास: तिन्हींना नाही, म्हणजे उग्र असा नाही. क ला वाळक्या गवतासारखा किंचित.
कडा: तिन्हींची सलग. ब ची थोडी लाटेसारखी.
छदं: तिन्हींची कोरडी, कुरकुरीत. म्हणजे ब्लूमिया बाद.
क: गेंदात पानं नाहीत. छदं चकाकतात. रंग मला तरी सोनेरी वाटला. खोडावरची वरची पानं अरुंद, बुडाशी खोडाला अर्धा विळखा घातलेली.
अ: झुबक्यांत लोकर इतकी की स्तबकं तिच्यात बुडालेली.
ब: पानाची वरची बाजू खालच्यापेक्षा हिरवट. लोकर पातळ, कोळ्याच्या जाळ्यासारखी चिकटून.

आता माझी अडचण. लॉनवर मला ब सारखंच एक रोप दिसलं ज्याला मोजून अकरा फांद्या होत्या. आणि पवईत कडेच्या दगडाजवळ एक अ होतं ज्याला फक्त तीन. निमुर्डीताई, मग फांद्या मोजून कसं चालेल?


जुनी_वही | बुधवार, सकाळी ९:३०

क च्या सोनेरी रंगावर मी थांबलो. सोनेरी छदं म्हणजे लॅफँजियम अफाइन असू शकतं ना? त्याचा गेंदही शेंड्याला आणि बिनपानांचा असतो.


निमुर्डी | बुधवार, रात्री ८:४०

पाऊलवाट, तुमची हरकत बरोबर आहे आणि माझं सोमवारचं वाक्य मी मागं घेते. लॉन कापणारं यंत्र फिरलं की शेंडा उडतो आणि ब ला बुडातून फांद्या फुटतात. मशीनच्या पात्याखाली वाढलेलं गॅमोकीटा हुबेहूब पॉलिकॉलॉनसारखं बसकं होतं. आणि दगडाच्या सांदीत मुळाला जागा नसली की पॉलिकॉलॉन तीन फांद्यांवर भागवतं. फांद्यांची संख्या हा त्या रोपानं काय सोसलं त्याचा हिशोब आहे, जातीचा नाही. लोकरीचंही तेच: उन्हात दाट, सावलीत विरळ, पाऊस पडून गेला की चिकटून गायब. नाव सुचवायला या खुणा ठीक, नाव ठरवायला नाहीत.

जुनी_वही, तुमच्या शंकेचं उत्तर. अफाइनची छदं लिंबासारखी पिवळीजर्द, लांबूनही पिवळी दिसणारी. लुटिओअल्बमची वाळक्या पेंढ्याच्या रंगाची, चकाकी असलेली. संध्याकाळच्या उन्हात ती सोनेरी दिसतात. नावातच आहे, लुटिअस म्हणजे पिवळा आणि अल्बस म्हणजे पांढरा. अजून एक बघायचं: भिंगाखाली लुटिओअल्बमच्या फुलांची टोकं बऱ्याचदा तांबूस असतात. अफाइनचं घर हिमालयापासून पुढं चीन-जपानपर्यंत. वसईच्या खाचरात पहिला विचार लुटिओअल्बमचाच करायचा. पाऊलवाट, ती टोकं दुपारच्या उजेडात पाहाल का? फोनचा कॅमेरा पिवळा रंग आपल्या मनानं वाढवतो, फोटोवर जाऊ नका.

राहिलं अ आणि ब. तिथं खरी खूण म्हातारीत आहे.

लहानपणी आपण रुईच्या म्हाताऱ्या पकडायचो. तशीच म्हातारी या रोपांनाही असते, फक्त चिमुकली. बी अर्ध्या मिलिमीटरचं, आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा. पुस्तकी नाव पिच्छसंदले. गॅमोकीटात हे केस बुडाशी एकमेकांना जोडून त्यांचं एक कडं झालेलं असतं. तुरा ओढला की सगळे केस कड्यासकट एकत्र निघतात, मुंडावळीचा झुबका सुटावा तसे. पॉलिकॉलॉनमध्ये प्रत्येक केस सुटा. ओढला की एकेक गळतो, कडं नाहीच. लुटिओअल्बमचे केस बुडाशी बारीक लवेनं एकमेकांत अडकतात, म्हणून दोन-चार एकत्र येतात पण पूर्ण कडं निघत नाही. या गोष्टी लॉन कापल्यानं बदलत नाहीत, पाणी कमी पडल्यानंही नाही.

करायचं कसं: ज्या स्तबकांतून पांढरे केस डोकवायला लागलेत अशी चार-पाच घ्या, वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून तीन दिवस ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. मग पंखा बंद करून, खिडकी लावून, काळ्या कागदावर झटका. सुईच्या टोकानं एक बी दाबून धरा आणि चिमट्यानं तुरा ओढा. दहा वेळा करा, एकदा करून ठरवू नका. झटकून रिकामं झालेलं स्तबकही फेकू नका. गॅमोकीटात मधली बैठक खोल वाटीसारखी होते, तीही पाहा.


भातशेती_वाडा | बुधवार, रात्री १०:३०

आमच्या वाडा तालुक्यात भात काढल्यावर खाचरात ओल असते तोवर हे पांढरं रोप येतं. वाल पेरायला नांगर घातला की जातं, नाही घातला तिथं मार्चपर्यंत राहतं. दोन प्रकारचं असतं हे मला माहीत होतं, एक पसरणारं आणि एक उभं. उभं नेहमी बांधाला, पसरणारं खाचराच्या मध्यात, जिथं पाणी सर्वांत शेवटी सुकतं. गुरं तोंड लावत नाहीत, निदान आमची तरी नाही. मग इंग्रजीत त्याचं नाव रवंथावरून कसं पडलं?


जुनी_वही | गुरुवार, सकाळी ८:०५

तिकडच्या जुन्या शेतकऱ्यांत अशी समजूत होती की रवंथ थांबलेल्या गाईला हे चारलं की रवंथ पुन्हा सुरू होतं. म्हणून कडवीड. औषध म्हणून चारायचे, चारा म्हणून नाही. तुमची गुरं तोंड लावत नाहीत यात नवल नाही.

माणसांनी मात्र खाल्लंय. जपानात ७ जानेवारीला सात पालेभाज्या घालून भाताची पेज करतात, त्या सातांतली एक म्हणजे अफाइन. व्हिएतनामच्या उत्तर भागात कोवळा पाला वाटून तांदळाच्या पिठात मळतात आणि मुगाचं सारण भरून उकडतात, त्याला बान्ह खुक म्हणतात. आपल्या मोदकाच्या जवळचाच पदार्थ.


ठाणे_गच्चीबाग | गुरुवार, सकाळी ८:४०

वाचून करून पाहावंसं वाटलं!


निमुर्डी | गुरुवार, दुपारी १:१५

कृपया करू नका. तिकडे वापरतात ती जात नेमकी ओळखून, स्वच्छ शेतातली. आपल्याकडे हे रोप गटाराच्या कडेला, तलावाच्या गाळात आणि औषध फवारलेल्या कुंड्यांत येतं. आणि जात ओळखण्यावरच तर हा धागा चाललाय.

@भातशेती_वाडा, उभं बांधाला आणि पसरणारं खाचराच्या मध्यात, ही नोंद फार मोलाची आहे. मी आयुष्यभर वाळलेली रोपं पाहिली, त्यांच्या कागदावर 'भातखाचर' एवढंच लिहिलेलं असायचं. बांध की मध्य, हे लिहिणारा भेटत नाही. जमलं तर दोन्हींच्या म्हाताऱ्या तुम्हीही ओढून बघा.


खाडीकाठ | गुरुवार, रात्री ९:२५

मी फुलपाखरांकडून या रोपांकडे आलो. पेंटेड लेडी या फुलपाखराच्या अळ्या ब्लूमिया आणि कडवीड दोन्ही खातात. शेंड्याकडची पानं रेशमी धाग्यानं शिवलेली दिसली आणि आत काळी विष्ठा असली तर ती काटेरी अळी आत आहे असं समजा. हे फुलपाखरू आफ्रिका-युरोपातल्या लांबलचक स्थलांतरासाठी प्रसिद्ध आहे. सांगायचं एवढंच की परीक्षणासाठी स्तबकं घेताना शिवलेला शेंडा सोडून द्या. कधी कधी लोकरीमुळे ते जाळं लक्षात येत नाही, बोटानं हलकेच उघडून पाहावं लागतं.

आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुणी हे शोधायला जाणार असेल तर तिथं काहीही तोडायचं नाही. भिंग लावून जागेवरच पाहा. पॉलिकॉलॉनसाठी तिथं जायची गरजही नाही, तलावांचे काठ पुष्कळ आहेत.


कुर्ला_हार्बर | शुक्रवार, सकाळी ११:००

एक विचारू? फोटो काढायचा तर कुठला काढायचा? मी वरून काढतो, सगळं पांढरं येतं.


जुनी_वही | शुक्रवार, सकाळी ११:४०

पाच काढा. पूर्ण रोप बाजूनं, मागं गडद कागद धरून. बूड, जिथं फांद्या फुटतात. पानाची वरची आणि खालची बाजू एकत्र, एक पान उलटं करून. फुलोरा बाजूनं, म्हणजे मधली पानं दिसतील. आणि एक पिकलेलं स्तबक तळहातावर चोळून, म्हाताऱ्यांसकट. उन्हात काढू नका, स्वतःच्या सावलीत काढा, लोकर फटफटीत पांढरी येणार नाही.

ज्यांना जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचंय त्यांनी झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमला रीतसर परवानगी मागून जावं. १९०६ पासूनचा संग्रह आहे. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडचा नमुना बिनमुळाचा होता, म्हणून अर्ध्या खुणा माझ्याकडे नव्हत्याच. रोप मुळासकट दाबा, पिकलेली स्तबकं कागदाच्या वेगळ्या पुडीत ठेवा, आणि कुठं उभं होतं ते त्याच दिवशी लिहा.


पाऊलवाट | रविवार, सायंकाळी ६:१०

आज सगळं झालं. सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हेच वाचायला हवं होतं.

आधी क. दुपारी साडेबाराला वसईच्या बांधावर बसून पाहिलं. छदं पेंढ्याच्या रंगाची, सोनेरी नाहीत. माझी पहिली नोंद सूर्य मावळतानाची होती. फुलांची टोकं तांबूस, भिंगाखाली स्पष्ट. म्हाताऱ्यांचे केस दोन-तीन मिळून आले, एकदा सहा आले, पूर्ण कडं एकदाही नाही. लॅफँजियम लुटिओअल्बम.

मग अ. बुधवारी ठेवलेली पुडी उघडली. घरात सगळ्यांना पंखा लावू नका म्हणून सांगितलं होतं, उकाड्यात सगळे बिचारे गप्प बसून राहिले. दहा बिया ओढल्या. दहाही वेळा केस सुटे आले, चिमट्यात दोन, कागदावर पाच, बाकीचे बियाला तसेच. एकदाही झुबका आला नाही. तीन फांद्यांचं ते दगडाजवळचं रोपही तसंच. नॅफॅलियम पॉलिकॉलॉन.

आणि ब. पहिला तुरा ओढला तेव्हा तो सबंध चिमट्यात आला आणि मला वाटलं बी सुद्धा आलं. काळ्या कागदावर पाहिलं तर बी तिथंच. चिमट्यातल्या तुऱ्याच्या बुडाशी केसाहून जाड नाही असं एक वर्तुळ होतं. शेजारच्या पाचवीतल्या मुलीला भिंग दिलं, तिला आधी दिसेना, मग एकदम म्हणाली, "मावशी, अंगठी!" दहापैकी नऊ वेळा अंगठी निघाली, एकदा तुरा मधोमध फाटला. रिकाम्या स्तबकाची बैठक खोलगट, वाटीच. अकरा फांद्यांच्या रोपाचीही अंगठी निघाली. गॅमोकीटा पेन्सिल्व्हॅनिका.

म्हणजे ॲपचं नाव तिघांतल्या एकाला लागू होतं. ॲपवर माझ्या दोन नोंदी दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीखाली म्हातारीचा फोटो जोडला.

निमुर्डीताई, एक विचारायचं राहिलं. तलावाच्या गाळात मला अजून ब दिसलं नाही आणि लॉनवर अ नाही. हे तसंच असतं की मी कमी पाहिलंय?


निमुर्डी | रविवार, रात्री ८:३०

नऊ अंगठ्या वाचून फार आनंद झाला. तुम्ही फाटलेला दहावाही लिहिलात, हे मला जास्त आवडलं.

पॉलिकॉलॉन पाणी ओसरल्यावरच्या गाळातलं रोप. गॅमोकीटा माणसानं हलवलेल्या, कापलेल्या, पाणी घातलेल्या मातीतलं. पण तलावाच्या काठी बाग केली, बाहेरून माती आणून टाकली, की ते तिथंही पोचतं. पुढच्या फेब्रुवारीत पवईच्या त्याच जागी जा आणि फुटपाथपासून पाण्यापर्यंत चालत मोजत जा, कुठं अंगठी संपते ते.


भातशेती_वाडा | रविवार, रात्री ९:४५

मीही केलं. खाचराच्या मधल्या रोपाचे केस सुटे. बांधावरच्याचे दोन-दोन, तीन-तीन. अंगठी कुठंच नाही. आमच्या गावात लॉनही नाही.


ठाणे_गच्चीबाग | सोमवार, सकाळी ७:१५

माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीतल्या दोन्ही रोपांची अंगठी निघाली. बी पुडीत घेतलं, रोपं मुळासकट वर्तमानपत्रात दाबलीत. वर चिठ्ठी लावलीय: नर्सरीची कुंडी, ठाणे, तिसरा मजला, सकाळचं ऊन.